ज्येष्ठ ताऱ्याला वायूचा त्रास

कोणत्याही संस्थेचे आयुष्य ती करत असलेल्या कामावर अवलंबून नसते. ते काम सोपे करून सांगणाऱ्या माणसावर अवलंबून असते. कामामुळे एखाद्या संस्थेचे बरेवाईट झाल्याचे आजवर ऐकिवात नाही, कारण काम कुणाला कळतच नाही. सांगणारा चांगला असेल तर बंद पडलेली संस्थासुद्धा थाटात शंभरी साजरी करते, आणि तो कच्चा असेल तर भरात असलेल्या संस्थेच्या जागेवर गोदाम उभे राहते.

शहराबाहेरच्या माळावर जी रेडिओ वेधशाळा आहे, तिच्या जागेवर असेच एक गोदाम उभे राहण्याच्या बेतात होते. नकाशा तयार होता. (नकाशात वेधशाळेची ती अवाढव्य डिश 'पावसाचे पाणी साठवण्याची सोय' म्हणून दाखवली होती, त्यावरून नकाशा काढणारा निसर्गप्रेमी असावा.) आता फक्त उपयुक्तता तपासणी समितीने येऊन एकच प्रश्न विचारायचा बाकी होता : याचा लोकांना उपयोग काय? या प्रश्नापुढे त्या वर्षी एक संग्रहालय, दोन वाचनालये आणि एक कारंजे टिकले नव्हते. कारंज्याला तर उत्तर देण्यासाठी मुदतवाढही दिली होती.

म्हणून वेधशाळेच्या संचालकांनी सोपेरावांना बोलावले.

सोपेराव हे त्यांचे खरे नाव नव्हे. ते वेधशाळेचे प्रसिद्धी अधिकारी. पूर्वी ते पाणीपुरवठा खात्यात होते. तिथे एकदा 'दुय्यम वितरण वाहिनीवरील दाबनियंत्रक झडपेच्या दुरुस्तीच्या अनुषंगाने पुरवठा बाधित होण्याची शक्यता नाकारता येत नाही' अशी सूचना त्यांच्या टेबलावर आली आणि त्यांनी ती 'उद्या पाणी नाही' अशी करून फळ्यावर लावली. लोकांना पाणी मिळाले नाही, पण ते का खुश आहेत हे खात्याला बरेच दिवस कळेना. या कर्तबगारीवर त्यांना बढती मिळाली आणि ते खगोलशास्त्रात आले. ताऱ्यांविषयी त्यांना एवढेच ठाऊक होते की ते रात्री निघतात. रेडिओ लहरींना दिवसरात्रीचे सोयरसुतक नसते आणि वेधशाळा भर दुपारीही तारे पाहते, हे कळल्यावर त्यांनी प्रथम कामगार कायद्याचे पुस्तक काढून पाहिले होते.

"सोपेराव, समितीला कळेल असं काहीतरी लिहा," संचालक म्हणाले.

"विषय काय?"

संचालकांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "उत्क्रांत ताऱ्यांच्या रेण्वीय वायू आवरणांची रेडिओ निरीक्षणे." मध्ये ते एकदा श्वास घ्यायला थांबले.

"हे आपण करतो?"

"रेषाबाई करतात," संचालक म्हणाले. घरातल्या एखाद्या माणसाच्या खोडीबद्दल पाहुण्यांसमोर बोलावे, तसा त्यांचा स्वर होता.

रेषाबाईंची खोली लांबलचक बोळाच्या टोकाला, डिशच्या अगदी पायाशी होती. दिवसभर पडद्यावरच्या वाकड्यातिकड्या रेषा बघत बसायच्या म्हणून त्यांचे नाव रेषाबाई. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, आणि दुसरी पेन्सिल सापडत नाही म्हणून टेबलावर शोधाशोध चाललेली. केस काळे होते तेव्हापासून त्या एकाच ताऱ्याच्या मागे होत्या आणि त्या ताऱ्यासाठी डिशचा आठवड्यातला जेमतेम एका सकाळचा वेळ त्यांच्या वाट्याला यायचा. विचारले तेवढेच सांगायचे आणि जे सांगायचे ते खरे सांगायचे, हा त्यांचा मोठाच दोष होता. त्यामुळे त्यांना कधी बढती मिळाली नाही.

"बाई, उत्क्रांत म्हणजे काय हो? पुढारलेले?" सोपेरावांनी सुरुवात केली.

"नाही. म्हातारे."

"मग सरळ म्हातारे का नाही म्हणत?"

"निबंधात चालत नाही."

"बरं. म्हातारपणी काय होतं त्यांना?"

"फुगतात. वाटेल तसे फुगतात."

"मग?"

"मग बाहेरचा थर सैल पडतो आणि वायू सुटायला लागतो."

"एकदम?"

"काहींचा सारखा सुटतो. माझा थांबून थांबून सोडतो. म्हणून त्याच्याभोवती वायूचे पापुद्रे झालेत, कांद्यासारखे."

"आवाज येतो?"

"प्रत्येक रेणूची रेडिओवर आपापली खूण असते. तीच तर ही डिश ऐकते."

सोपेराव जरा घुटमळले. पुढचा प्रश्न एका स्त्रीला विचारावा की नाही, ते कळेना. पण कर्तव्य ते कर्तव्य. "आणि... वास?"

"तिथं पोकळीत कोण जाणार वास घ्यायला?" रेषाबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "पण हायड्रोजन सल्फाइडची खूण मिळाली आहे. सडक्या अंड्यांना जो वास येतो ना, तो वायू."

सोपेरावांनी टिपणाचा कागद घडी करून खिशात टाकला. इतकी वर्षे ही बाई इतकी साधी गोष्ट इतक्या अवघड शब्दांत का सांगत होती, याचे त्यांना मनापासून वाईट वाटले.

मथळा मात्र सुचेना. तो घरी सुचला.

सोपेरावांच्या घरी त्यांची बायको आणि वडील. वडील निवृत्त हेडक्लार्क. नोकरीत असताना पोटात ठेवलेल्या कित्येक गोष्टी निवृत्तीनंतर त्यांनी हळूहळू बाहेर सोडायला घेतल्या होत्या, आणि त्यांत वायूही होता. सून स्वभावाने गरीब. तिने सासऱ्यांना एका शब्दाने कधी दुखावले नाही. फक्त जेवण झाले की ती त्यांची खुर्ची गॅलरीत नेऊन ठेवायची आणि म्हणायची, "बाबा, इथे बसा, हवा छान येते."

"येते की जाते?" वडील विचारायचे आणि मुकाट्याने जाऊन बसायचे.

त्या दिवशी सोपेराव गॅलरीच्या दारात उभे राहून वडिलांना कागद वाचून दाखवत होते. वडिलांनी तो शांतपणे ऐकला.

"यात शोध कसला लागला?" ते म्हणाले. "वय झालं की वायू होणारच. त्याला एवढी मोठी डिश कशाला पाहिजे? आपल्याकडे भिंतीपलीकडून कळतं."

"कळतं!" आतून सून म्हणाली.

सोपेरावांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांनी उभ्या उभ्या लिहिले : 'म्हाताऱ्या ताऱ्याला वायूचा त्रास.' खाली पाच ओळी : 'आपल्या वेधशाळेने एका वयस्कर ताऱ्याची तपासणी केली आहे. वयोमानाने हा तारा फुगला असून त्याला थांबून थांबून वायू सुटतो. हा वायू रेडिओवर ऐकू येतो. त्यात सडक्या अंड्यांच्या वासाचा अंशही आढळला आहे. ताऱ्याचे वजन सतत घटत असून वेधशाळा त्याच्यावर लक्ष ठेवून आहे.'

संचालकांनी मसुद्यात एकच दुरुस्ती केली. स्वतः निवृत्तीला टेकले असल्यामुळे त्यांनी 'म्हाताऱ्या' खोडून 'ज्येष्ठ' केले. बातमी दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर आली. वेधशाळेच्या आजवरच्या सर्व बातम्या आतल्या पानावर, हरवलेल्या कुत्र्यांच्या शेजारी छापून येत.

रेषाबाई वर्तमानपत्र हातात धरून बोळाच्या टोकापासून चालत आल्या. त्या एरवी खोलीबाहेर पडत नसल्यामुळे लेखा विभागातल्या दोघांनी त्यांना त्या दिवशी प्रथमच पाहिले.

"हे काय छापलंय तुम्ही?"

"बाई, यातलं एक तरी वाक्य खोटं आहे का?" सोपेरावांनी नम्रपणे विचारले.

रेषाबाईंनी तिथेच उभ्या राहून बातमी वाचली. मग पुन्हा वाचली. वाक्य न् वाक्य खरे होते. इतकी खरी वाक्ये एका ठिकाणी येऊन असे काही होऊ शकते, याचा त्यांना अनुभव नव्हता.

"त्रास!" शेवटी त्यांना सापडले. "त्रास हा शब्द खोटा आहे. ताऱ्याला कसला त्रास?"

"तो मथळ्यात आहे, बाई. मथळा म्हणजे वाक्य नव्हे."

त्यानंतर लोकांच्या चांगुलपणाला जो पूर आला, त्याला तोड नाही. टपालाच्या थैल्या येऊ लागल्या. ताऱ्याला जेवणानंतर शतपावली घालायला सांगा. कोमट पाणी द्या. डाव्या कुशीवर निजवा. जेवताना बोलू देऊ नका. एका बाईंनी लिहिले की आमच्या ह्यांचेही असेच होते, तरी धीर सोडू नये. ज्येष्ठ नागरिक मंडळात फूट पडली. एका गटाचे म्हणणे, वडीलधाऱ्या माणसाची अशी खासगी तक्रार चव्हाट्यावर आणणे असभ्यपणाचे आहे. दुसऱ्या गटाने ताऱ्याला मंडळाचे मानद सभासदत्व देऊन टाकले आणि त्याच्यासाठी सभागृहात खिडकीजवळची खुर्ची राखून ठेवली. एका वर्तमानपत्राने घाईघाईने लोकमत अजमावले. शंभरातल्या एकाहत्तर लोकांना ताऱ्याची काळजी वाटत होती. एकोणीस जणांना तो तारा आपल्याच घरी असल्यासारखे वाटत होते. उरलेल्या दहा जणांनी, विचारायला आलेल्या माणसाकडेच औषध मागितले.

अशा वातावरणात उपयुक्तता तपासणी समिती वेधशाळेत आली. अध्यक्ष धिप्पाड, मिशाळ आणि शांत होते. आयुष्यात प्रथमच आपल्याला विज्ञान कळते आहे, याचे तेज त्यांच्या चेहऱ्यावर होते.

"उपयोग काय, हा प्रश्नच उद्भवत नाही," ते म्हणाले. "ज्येष्ठांची सेवा हाच उपयोग. प्रश्न एवढाच आहे की आपण यावर करता काय?"

"ऐकतो," संचालक म्हणाले.

"नुसतं ऐकून कसं भागेल? उपाय करा!"

गोदामाचा नकाशा त्याच बैठकीत गुंडाळला गेला. समितीचे नाव बदलून 'ज्येष्ठ तारा वायू निवारण समिती' असे झाले. उपाययोजनेचा खर्च पाचक गोळ्या बनवणाऱ्या एका कारखानदाराने आनंदाने उचलला. कारखानदार भाविक वृत्तीचे होते. त्यांचा स्वतःच्या गोळीवर विश्वास होता.

आता गोळी ताऱ्याला द्यायची कशी, यावर समितीने सांगोपांग विचार केला. रेषाबाईंना बोलावून विचारले.

"डिशमधून पाठवता येणार नाही का?"

"नाही. ही डिश फक्त ऐकते. बोलत नाही."

(हा गुण दुर्मिळ असल्याची नोंद समितीने इतिवृत्तात घेतली.)

"अंतर किती आहे?"

"तिथून निघालेली खूण इथे पोचायला शेकडो वर्षं लागतात. आज आपण ऐकतो ते तेव्हाचं आहे. आज गोळी द्यायची म्हटली तरी ती तेव्हा कशी लागू पडणार?"

सदस्य फायली मिटू लागले. तेवढ्यात अध्यक्षांनी मिशीवरून हात फिरवला. चाळीस वर्षे सरकारी सेवेत काढलेला माणूस असा थोडाच हार जाणार!

"पूर्वलक्षी प्रभावाने," ते म्हणाले.

सगळ्यांना ते एकदम पटले. पगारवाढ पूर्वलक्षी प्रभावाने मिळते, कर पूर्वलक्षी प्रभावाने बसतो, मग गोळीनेच काय घोडे मारले आहे? ठराव झाला. डिशच्या बरोबर खाली एक लहान टेबल मांडण्यात आले, त्यावर पांढरे कापड, त्यावर चांदीची वाटी आणि वाटीत रोज सकाळी ताज्या गोळ्या. कारखानदारांच्या मते त्यांच्या गोळीचा नुसत्या सान्निध्यानेही गुण येत असे. वेधशाळेला नवे, अधिक तीक्ष्ण कानाचे यंत्र मिळाले. रोग्यावर सतत लक्ष असावे म्हणून आठवड्याचे सगळे दिवस डिश रेषाबाईंच्या ताब्यात देण्यात आली.

इथे रेषाबाईंचा थोडा पाय घसरला, हे सांगायला हवे. त्यांना पुढे काय होणार ते पक्के ठाऊक होते. त्यांचा तारा साधारण वर्षभराच्या चक्रात फुगतो आणि आवळतो, आणि त्याच्या आवरणातल्या वाळूच्या कुळातल्या एका रेणूची खूण त्याबरोबर चढते, उतरते. आता उतरणीचे महिने लागत होते. हे त्यांनी संचालकांच्या कानावर घातलेही होते. संचालक म्हणाले, "उतरू दे ना, बाई. तुमचं काय जातंय?"

जात काहीच नव्हते, उलट येत होते. नव्या यंत्रातून ताऱ्याचे असे बारकावे दिसू लागले होते की ज्यांची रेषाबाईंनी स्वप्नेही पाहिली नव्हती. एकेक पापुद्रा सुटा दिसत होता. त्या जेवायच्या विसरू लागल्या. आयुष्यभर खिडकीच्या फटीतून पाहिलेल्या माणसाच्या समोर एकदम खुर्ची मिळावी, तसे झाले. तोंड उघडले तर खुर्ची जाणार. रेषाबाई गप्प राहिल्या. (मोठमोठ्या विद्वानांनी याहून लहान खुर्चीसाठी याहून मोठे मौन पाळलेले आहे.)

आलेख उतरू लागला. कारखानदारांनी तो चौकाचौकात लावला : 'ताऱ्यालाही गुण आला. तुम्ही कशाची वाट पाहता?' दुकानांतून गोळ्या मिळेनाशा झाल्या. सोपेरावांचा सत्कार झाला. त्यांच्या बायकोने तीन डबे आणून सासऱ्यांपुढे ठेवले. वडिलांना मात्र ताऱ्याबद्दल आपुलकी वाटू लागली होती. घरी गॅलरीत बसण्यापेक्षा त्या समदुःखी माणसाजवळ बसावे, म्हणून ते रोज दुपारी वेधशाळेत येऊन डिशखालच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकू लागले. रेषाबाई कधी पाय मोकळे करायला बाहेर आल्या की विचारत, "काय म्हणतो आपला?"

"उतरतंय."

"बरं वाटलं. म्हाताऱ्याला आराम पडला तर."

रेषाबाई यावर काही बोलत नसत. एकदा मात्र त्या आत न जाता बराच वेळ त्यांच्याजवळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाबा, तुम्हाला काही सांगायचं होतं." मग म्हणाल्या, "काही नाही. ऊन लागेल, टोपी घाला."

चक्र फिरले. आलेख तळाला गेला, तिथे थोडा रेंगाळला आणि जो चढायला लागला तो थांबेना. पूर्वी कधी नव्हता इतका चढला, कारण यंत्र नवे होते. चौकातले फलक एका रात्रीत उतरले. पुढच्या बैठकीत कारखानदार तावातावाने उठले.

"गोळीत खोट नाही. पथ्य मोडलंय!"

"कुणी?" संचालकांनी विचारले.

"ताऱ्यानं!"

समितीने हा मुद्दा गंभीरपणे घेतला. मग असे ठरले की भर सभागृहात, लोकांच्या समक्ष चौकशी व्हावी आणि रेषाबाईंनी शास्त्रज्ञ या नात्याने जाहीर करावे की तारा पथ्य पाळत नाही, औषध मात्र उत्तम आहे. त्यांनी तसे म्हटले तर सगळे पूर्ववत चालू राहील. न म्हटले तर गोदामाचा नकाशा अजून कपाटात होताच. आदल्या दुपारी सोपेराव रेषाबाईंच्या खोलीत जाऊन हे सांगून आले.

"एकच वाक्य आहे, बाई."

"खोटं आहे."

"मथळ्यात घालू."

रेषाबाई हसल्या. सोपेरावांनी त्यांना हसताना प्रथमच पाहिले. आपल्या पाच खऱ्या ओळींनी या बाईला कुठे आणून उभे केले आहे, ते त्यांना आत्ता कळत होते. त्यांनी काहीतरी धीराचे बोलायचा प्रयत्न केला, पण सोपे असे काही सुचले नाही.

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. ज्येष्ठ नागरिक मंडळाचे दोन्ही गट आले होते. (मधली एक ओळ रिकामी ठेवून बसले होते.) व्यासपीठावर समिती, कडेला संचालक आणि सोपेराव, पहिल्या रांगेत कारखानदार. चांदीची वाटीही पुरावा म्हणून आणली होती. अध्यक्षांनी रेषाबाईंना उभे केले.

"ताऱ्यानं पथ्य मोडलं, हे खरं ना?"

रेषाबाई काही बोलणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"एक मिनिट. त्याला उगाच नावं ठेवू नका. गोळ्या त्याला मिळाल्याच नाहीत."

सोपेरावांचे वडील उठून उभे राहिले होते.

"म्हणजे?" अध्यक्ष म्हणाले.

"मी खाल्ल्या. रोज दुपारी. वाटीत नुसत्या पडून असायच्या. म्हटलं, वाया कशाला घालवा." हेडक्लार्क असल्यामुळे अर्धवट माहिती देणे त्यांच्या स्वभावात नव्हते. "मलाही गुण आला नाही."

"नाही आला!" सून बायकांच्या रांगेतून म्हणाली.

सभागृहात जो हशा पिकला, त्यात कारखानदार केव्हा बाहेर गेले ते कुणाला कळले नाही. टाळ्या वाजल्या, रिकामी ठेवलेली ओळ ओलांडून माणसे एकमेकांच्या पाठी थोपटू लागली. अध्यक्षांनी टेबल आपटून आपटून शांतता आणली आणि घाम पुसत रेषाबाईंकडे वळले.

"मग बाई, तारा बरा व्हायचा तरी कसा?"

"तो आजारी नाहीये," रेषाबाई म्हणाल्या. "हे मी वर्षापूर्वीच सांगायला हवं होतं. मी गप्प बसले, कारण मला डिश हवी होती. तो वर्षभरात फुगतो आणि आवळतो, म्हणून आलेख चढतो आणि उतरतो. गोळी असो, नसो. आणि तो बरा होणार नाही. तो संपत चाललाय. वायू सुटत सुटत एक दिवस आत एवढासा निखारा उरेल आणि तोही विझेल."

खिडकीजवळची राखीव खुर्ची मंडळाने येताना बरोबर आणली होती. तिच्याकडे लोक पाहू लागले.

"मग त्या वायूचं काय होतं?" सोपेरावांच्या वडिलांनी विचारले. ते अजून उभेच होते.

"तो वाया जात नाही, बाबा. दूर जातो, मिसळतो. त्यातून पुढचे तारे होतात, जमीन होते, माणसं होतात. तुमच्या माझ्या अंगात जो कार्बन आहे ना, हाडात, कातड्यात, केसात, त्यातला बराचसा अशाच म्हाताऱ्या ताऱ्यांनी सोडलेला आहे. पूर्वी कधीतरी."

वडिलांनी ते दोन वेळा मनात घोळवले.

"म्हणजे आपण सगळे कुणातरी म्हाताऱ्याच्या वायूचे?"

"सोप्या भाषेत, हो."

अध्यक्षांनी, कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने, स्वतःच्या मनगटाचा वास घेतला. पण ते व्यासपीठावर असल्यामुळे ते सगळ्यांच्याच लक्षात आले आणि पाहता पाहता सबंध सभागृह आपापली मनगटे नाकाशी नेऊ लागले.

वडील शेवटी समितीला म्हणाले, "साहेब, बरा होणार नाही म्हणून ऐकायचं बंद करू नका. आमच्या वयात उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात. ऐकणारं कुणी नसतं."

यावर ज्येष्ठ नागरिक मंडळाचे दोन्ही गट प्रथमच एकत्र उभे राहिले. एवढी पांढरी डोकी एकदम उठलेली पाहून अध्यक्षांना निवडणुका आठवल्या. डिश वाचली. तिचा खर्च आता 'वृद्ध कल्याण' या सदराखाली पडतो. नवे यंत्र कारखानदारांनी परत नेले. डिशवरचा रेषाबाईंचा वेळ पुन्हा एका सकाळवर आला. त्या वर्षभराच्या निरीक्षणांवर त्यांनी जो निबंध लिहिला, त्याच्या पहिल्याच परिच्छेदात आपण वर्षभर गप्प बसल्याचे त्यांनी स्वच्छ लिहून टाकले. छापणाऱ्यांनी तो परिच्छेद विषयाला सोडून आहे म्हणून गाळला. सोपेरावांच्या घरी सून एके दिवशी गॅलरीत दुसरी खुर्ची घेऊन आली आणि सासऱ्यांजवळ बसून भाजी निवडू लागली. ती निवडताना मान दुसरीकडे वळवत असे, पण बसत असे.

सोपेरावांनी त्या चौकशीची बातमी स्वतः लिहिली. आयुष्यात प्रथमच ती त्यांनी आधी रेषाबाईंना दाखवली. मथळा होता : 'आपण सारे म्हाताऱ्या ताऱ्यांच्या सुटलेल्या वायूपासून बनलो आहोत.' रेषाबाईंनी तो पुन्हा पुन्हा वाचला आणि म्हणाल्या, "मथळासुद्धा खरा आहे."

एकाही वर्तमानपत्राने तो छापला नाही. वाचकांच्या भावना दुखावतील, असे सगळ्यांचे मत पडले. एका संपादकाने मात्र सोपेरावांना बाजूला घेऊन समजावले की मजकुरात दम आहे, फक्त वाचकाला रुचेल असा करायला हवा. त्याने पेन्सिल घेतली. 'म्हाताऱ्या' काढले. 'सुटलेल्या' काढले. 'वायू' काढला. जे उरले ते ठळक टाइपात छापले : 'आपण सारे ताऱ्यांपासून बनलो आहोत.'

ते वाक्य तुफान चालले. शाळांच्या भिंतींवर, वाढदिवसाच्या कार्डांवर, कपांवर, लग्नपत्रिकांवर ते आले. तुम्हीही ते कुठे ना कुठे वाचले असेल, आणि वाचताना तुमची मान जराशी ताठ झाली असेल. हरकत नाही, राहू द्या ताठ. मूळ मसुदा आता तुम्हाला ठाऊक आहे, एवढेच.